संघामागून संघ बदलणारा रिलीव्हर: त्याची कारकीर्द चालते कशी?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका मराठी वडिलांचा आहे. मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बेसबॉल खेळतो. उजव्या हाताचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वेग ताशी ९३-९४ मैल. प्रशिक्षक म्हणतात, स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) म्हणून निभणार नाही, रिलीव्हर (मधेच येऊन त्याची जागा घेणारा) होईल. एक स्काऊट (संघासाठी खेळाडू हेरणारा) तर ‘चांगला जर्नीमन होईल’, म्हणजे संघामागून संघ फिरत राहील, असे म्हणून गेला. वडील विचारतात: आज या संघात, उद्या त्या संघात, हे कसले करिअर? यात पोट भरते का? आणि कोण कुठे जाणार हे ठरवतो कोण?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत. मी बरीच वर्षे मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च लीगच्या खालच्या पायऱ्यांवरच्या, संघांबरोबर ॲथलेटिक ट्रेनर म्हणून काम केले. पिचरांचे खांदे आणि कोपरे सांभाळणे हे माझे काम. टेबलावर पडलेला रिलीव्हर पहिली पाच मिनिटे हाताबद्दल बोलतो आणि मग तासभर कागदांबद्दल: ऑप्शन किती उरले, सर्व्हिसचे दिवस (मेजर लीगच्या यादीत काढलेले) किती भरले, चाळीसच्या यादीत जागा आहे का. ही बडबड नसते. हात त्याला दारापर्यंत आणतो. तो आत किती दिवस राहणार, हे त्या कागदांवर ठरते.

आधी जागांचा हिशेब करू. मेजर लीगमध्ये ३० संघ. प्रत्येक संघाची खेळती यादी २६ जणांची आणि त्यात पिचर जास्तीत जास्त १३. पाच स्टार्टर धरले तर उरतात आठ. म्हणजे कुठल्याही एका दिवशी जगात मेजर लीग रिलीव्हरच्या जागा साधारण २४०. या २६ जणांभोवती आणखी एक मोठी यादी असते, ४० जणांची. तिच्यात असल्याशिवाय कोणालाही मेजर लीगच्या सामन्यात उतरवता येत नाही. तुमच्या मुलाचे पुढचे आयुष्य याच दोन याद्यांच्या मधल्या फटीत जाणार आहे.

आता संघाची अडचण पाहा. हंगाम १६२ सामन्यांचा, तोही सहा महिन्यांत. सुट्टीचे दिवस मोजके. सामना नऊ इनिंगचा (डावांचा), त्यात स्टार्टर हल्ली पाच इनिंग टाकून निघतो, म्हणजे रोज रात्री चार इनिंग रिलीव्हरांनी भरायच्या. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. एखाद्या रात्री स्टार्टर दुसऱ्याच इनिंगमध्ये कोसळला, की बुलपेनमधले (रिलीव्हर जिथे तयार होऊन बसतात तिथले) चार-पाच जण एका सामन्यातच खर्ची पडतात. दुसऱ्या दिवशी संघाला गुणवत्ता नको असते, ताजा हात हवा असतो. ज्याने परवा-काल टाकलेले नाही, असा कोणीही.

हे एकदा लक्षात आले की बाहेरून वेडेपणा वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. मुलगा ट्रिपल-एमधून, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरून, वर बोलावला गेला, स्टार्टर लवकर पडला, याने तीन इनिंग झकास टाकल्या, एकही धाव दिली नाही. रात्री घरच्यांनी पेढे वाटले. सकाळी त्याला परत खाली पाठवले. का? तीन इनिंग टाकल्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस तो निरुपयोगी आहे, आणि यादीत त्याच्या जागी ताजा हात आणायचा आहे. वाईट टाकले म्हणून खाली जाणे सगळ्यांना समजते. चांगले टाकले म्हणून खाली जाणे पचवता येत नाही, आणि पहिल्या वर्षी मुले इथेच खचतात. शिवाय खाली गेलेल्या पिचरला १५ दिवस परत बोलावता येत नाही. वरच्या यादीतला कोणी जखमी झाला तरच त्याला अपवाद.

असे वरखाली करण्याच्या सोयीला ‘ऑप्शन’ म्हणतात. चाळीसच्या यादीत आल्यानंतर संघाकडे खेळाडूची तीन ऑप्शन वर्षे असतात. त्या वर्षांत त्याला न विचारता, दुसऱ्या संघांना त्याला उचलायची संधी न देता मायनरमध्ये पाठवता येते. पूर्वी एका हंगामात कितीही वेळा पाठवत. २०२२ पासून हंगामाला पाच वेळांची मर्यादा आली. ती खेळाडूंच्या संघटनेने भांडून मिळवली आहे.

तीन वर्षे संपली की खेळ बदलतो. आता खाली पाठवायचे तर त्याला आधी वेव्हरवर टाकावे लागते, म्हणजे बाकीच्या २९ संघांना ‘कोणाला हवा आहे का’ असे विचारावे लागते. गुणतक्त्यात जो संघ खाली, त्याला आधी संधी. ज्याने हात वर केला त्याचा तो खेळाडू, पण त्यालाही लगेच आपल्या चाळीसच्या यादीत जागा करून द्यावी लागते. याच पायरीवर डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) नावाचा प्रकार येतो. संघ खेळाडूला चाळीसच्या यादीतून काढतो आणि सात दिवसांत त्याचा सौदा करतो, वेव्हरवर टाकतो किंवा मोकळे करतो. ते सात दिवस पिचर कोणाच्याच यादीत नसतो. बॅग भरलेली, जायचे कुठे ते माहीत नाही, आणि हात तर गरम ठेवायला हवा. मी अशा मुलांना कॉलेजच्या मैदानावर, कधी शाळेच्या कुंपणावर चेंडू मारताना पाहिले आहे.

तुम्ही ज्याला ‘संघामागून संघ’ म्हणता, ते बहुतेक वेळा ऑप्शन संपल्यावर सुरू होते. ऑलिव्हर ड्रेकहून याचे स्पष्ट उदाहरण नाही. नौदल अकादमीतून आलेला हा उजवा पिचर २००८ च्या ड्राफ्टमध्ये (संघ दर वर्षी फेऱ्या-फेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात त्यात) ४३ व्या फेरीत निवडला गेला. मेजर लीगमध्ये पहिला सामना २०१५ मध्ये. हात अगदी डोक्यावरून येणारा, स्प्लिटर (ऐनवेळी खाली बुडणारा चेंडू) उत्तम. ऑप्शन संपल्यावर २०१७ च्या एप्रिलमध्ये बाल्टिमोरने त्याला सोडले आणि मिलवॉकीने उचलले. मग २०१८ चा हंगाम: मिलवॉकी, क्लीव्हलँड, लॉस एंजेलिस एंजल्स, टोरांटो, मिनेसोटा. एका हंगामात पाच मेजर लीग संघांकडून खेळणारा तो इतिहासातला पहिला खेळाडू ठरला. टोरांटोकडून तर तो जेमतेम दोन सामने खेळला.

हे वाचून बहुतेकांना वाटते, चार संघांनी नाकारले. कागदाच्या बाजूने पाहिले तर वेगळेच दिसते. त्याला खाली पाठवायला प्रत्येक संघाला वेव्हरचा रस्ता घ्यावा लागत होता, आणि पुन्हा पुन्हा कोणता ना कोणता संघ त्याच्यासाठी आपल्या चाळीसातली जागा रिकामी करायला तयार होता. ऑप्शन शिल्लक असते तर तो त्याच वर्षी एकाच संघाच्या ट्रिपल-एमध्ये बसून राहिला असता, वर्तमानपत्रात नाव आले नसते आणि पगारही कमी मिळाला असता. पुढच्या वर्षी टॅम्पा बेमध्ये तो नियमित रिलीव्हर म्हणून स्थिरावला.

पैशाबद्दल तुम्ही थेट विचारले, म्हणून थेट सांगतो. २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ७,६०,००० डॉलर होता, म्हणजे दिवसाला चार हजारांहून थोडा जास्त. हा पगार दिवसांवर मिळतो. तुम्ही वर जितके दिवस, तितक्या दिवसांचे पैसे. साठ दिवस वर काढले तर सुमारे २,४५,००० डॉलर. त्यातून कर जातो, तोही ज्या ज्या राज्यात सामना झाला तिथला वेगळा, आणि एजंटचा हिस्सा जातो. खालचे चित्र असे: २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, त्यात ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर आणि त्याखालच्या डबल-एचा ३०,२५० ठरला. त्याआधी ट्रिपल-एत याच्या निम्म्याच्या आसपास मिळत असे आणि घर स्वतःचे शोधावे लागे. एका खोलीत हवेच्या गाद्या टाकून पाच-सहा जण झोपायचे. २०२२ पासून संघांनी राहण्याची सोय करायची असा नियम झाला. चाळीसच्या यादीतला खेळाडू खाली असला तरी त्याचा पगार साध्या मायनर खेळाडूपेक्षा बराच जास्त असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. त्या यादीला इतकी किंमत आहे ती यामुळेही.

पगारापेक्षाही रिलीव्हर मोजतो ते सर्व्हिसचे दिवस. १७२ दिवस भरले की एक पूर्ण वर्ष धरतात. साधारण तीन वर्षे झाली की लवादाकडे पगार मागता येतो, सहा झाली की तो मोकळा. हे आकडे फिरत्या रिलीव्हरला दूरचे. त्याच्यासाठी खरे आकडे दोन: एक आणि ४३. मेजर लीगच्या यादीत एक दिवस जरी काढला तरी खेळाडूंच्या आरोग्य विमा योजनेत शिरता येते, आणि ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो. ४१ किंवा ४२ वर अडकलेला पिचर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कसा वागतो, फोन वाजला की कसा दचकतो, हे एकदा पाहिले की या आकड्यांची जादू पुन्हा सांगावी लागत नाही.

आता माझ्या विषयाकडे, शरीराकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

रिलीव्हरच्या आकड्यांत फक्त सामन्यात माउंडवरून (मैदानातल्या पिचरच्या उंचवट्यावरून) टाकलेले चेंडू येतात. बुलपेनमध्ये टाकलेले कोणी मोजत नाही. म्हणजे मोजतात हल्ली, पण ते प्रेक्षकांना दिसत नाही आणि पगार ठरवताना त्याचा विचार होत नाही. फोन वाजतो, प्रशिक्षक बोट दाखवतो, तुम्ही उठता, वीस-पंचवीस चेंडू जोरात टाकता. डबल प्ले होतो (एकाच चेंडूवर दोघे बाद), धोका टळतो, तुम्ही बसता. पुढच्या इनिंगमध्ये पुन्हा उठता, पुन्हा बसता. सामना संपतो. तुमच्या नावावर शून्य, आणि कोपराने चाळीस चेंडूंचा ताण खाल्लेला. एसटी डेपोतल्या राखीव ड्रायव्हरसारखे आहे हे: रोज गणवेशात हजर, ड्यूटी मिळेल न मिळेल, पण गाडी सुटायच्या वेळी तयार नसलात तर चूक तुमची. फरक इतकाच की इथे नुसते तयार होण्यातही हात झिजतो.

म्हणून दीर्घकाळ टिकलेल्या रिलीव्हरांत मला एक गुण नेहमी दिसला. ते लवकर गरम होतात. दहा-बारा चेंडूंत तयार. माउंडवर गेल्यावरचे सरावाचे चेंडू ते वाया घालवत नाहीत. तरुण मुलगा घाबरून प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने तीस चेंडू टाकतो आणि जुलैपर्यंत रिकामा होतो. हे शिकवता येते, आणि कॉलेजात जवळजवळ कोणी शिकवत नाही. तुमच्या मुलाला आत्तापासून हीच सवय लावा, बाकी वजने उचलण्याचे व्हिडिओ पुरेसे पाहतो तो.

दुसरी गोष्ट कोपराची. आतल्या बाजूचे अस्थिबंधन तुटले की टॉमी जॉन शस्त्रक्रिया करतात. पहिली डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन याच पिचरवर केली, म्हणून ते नाव. परतायला वर्ष ते दीड वर्ष. स्टार्टर तरुण आणि महागडा असेल तर संघ थांबतो. फिरत्या रिलीव्हरसाठी संघ सहसा थांबत नाही.

याला जोडून एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. दुखापत कुठे असताना नोंदली गेली, यावर फार काही अवलंबून आहे. मेजर लीगच्या यादीत असताना जखमी झालात, तर तुम्हाला मेजर लीगच्या जखमींच्या यादीवर ठेवावे लागते. पगार वरचा मिळतो, सर्व्हिसचे दिवस मोजले जातात, आणि जखमी असेपर्यंत खाली पाठवता येत नाही. तेच दुखणे मायनरमध्ये नोंदले गेले तर पगार खालचा आणि दिवस शून्य. परिणाम काय होतो? खाली असलेली मुले दुखणे लपवतात, कारण बोलावणे येईल तेव्हा ‘ट्रेनरच्या यादीत आहे’ असे कळायला नको. आणि वर गेल्यावरही लपवतात, कारण तक्रारखोर म्हणून नाव व्हायला नको. पहिल्याचे कारण मला समजते. दुसरा शुद्ध मूर्खपणा आहे. वर असताना कोपर दुखले तर त्याच दिवशी, त्याच रात्री, लेखी नोंदवायचे. एजंट हेच सांगेल, संघटना हेच सांगेल, आणि चांगला ट्रेनरही हेच सांगेल.

आकड्यांचा आणखी एक क्रूर भाग. रिलीव्हर वर्षाला साठ-सत्तर इनिंग टाकतो, फिरता रिलीव्हर वीस-तीस. समजा वीस इनिंगमध्ये सहा धावा दिल्या. दर नऊ इनिंगमागचा हिशेब, म्हणजे ईआरए, २.७० येतो. उत्कृष्ट. मग एका रात्री एकच फलंदाज बाद करून पाच धावा दिल्या. ईआरए ४.८७. वीस इनिंगचे काम वीस मिनिटांत पुसले गेले. पूर्वी संघ या आकड्यावर निर्णय घेत आणि चांगले पिचर हकनाक जात. आता प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, वळण मोजले जाते. त्यामुळे ४.८७ वाला पिचर दुसऱ्या संघाला हवाहवासा वाटू शकतो: त्यांच्या विश्लेषकाला वाटते की याने स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) जास्त टाकला तर हा वेगळाच माणूस आहे. आजच्या वेव्हरच्या बाजारात अशा माणसांना मागणी असते.

आता ज्यांची कारकीर्द नुसती टिकली नाही तर बहरली, अशा दोघांबद्दल.

ऑक्टाव्हियो डोटेल, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगोचा. १९९९ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून सुरुवात, स्टार्टर म्हणून धडपड, मग ह्यूस्टनमध्ये त्याला बुलपेनमध्ये हलवले आणि तिथे तो बहरला. ११ जून २००३ ला ह्यूस्टनच्या सहा पिचरांनी मिळून यँकीजना त्यांच्याच मैदानावर एकही हिट मिळू दिला नाही. त्यात डोटेलने एकाच इनिंगमध्ये चौघांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन-तीन स्ट्राइक चुकवायला लावले (तिघे बाद झाले की इनिंग संपते; पण तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचला, तर तो स्ट्राइकआउट धरला जातो पण बाद नाही, म्हणून चार). मग ओकलंड, आणि तिथे २००५ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया. बहुतेकांची गोष्ट इथे संपते. त्याची पुढे आठ वर्षे आणि दहा संघ चालली: यँकीज, कॅन्सस सिटी, अटलांटा, शिकागो व्हाइट सॉक्स, पिट्सबर्ग, डॉजर्स, कोलोरॅडो, टोरांटो, सेंट लुईस, डेट्रॉइट. एकट्या २०१० मध्ये तीन संघ. एकूण १३, त्या वेळचा विक्रम.

जुलै २०११ मध्ये टोरांटोने त्याला सेंट लुईसला दिले, त्याच सौद्यात एडविन जॅक्सन नावाचा पिचरही तिकडे गेला. त्याच वर्षी दोघांनी वर्ल्ड सीरिज (मेजर लीगची अंतिम लढत) जिंकली, आणि २०१९ मध्ये डोटेलचा १३ संघांचा विक्रम १४ वर नेला तो याच जॅक्सनने. डोटेलच्या नावावर ७५८ सामने, १०९ सेव्ह (शेवटी येऊन राखलेल्या आघाड्या) आणि ९५१ इनिंगमध्ये १,१४३ स्ट्राइकआउट आहेत. तेरा संघांनी त्याला का घेतले, याचे उत्तर या शेवटच्या जोडीत आहे. चेंडू बॅटला लागूच न देणारा माणूस कुठल्याही मैदानावर, कुठल्याही क्षेत्ररक्षणामागे चालतो. एप्रिल २०२५ मध्ये सांतो दोमिंगोत नाइटक्लबचे छत कोसळून झालेल्या दुर्घटनेत तो गेला. त्या दिवशी इतक्या वेगवेगळ्या संघांनी त्याला आपला म्हणून श्रद्धांजली वाहिली की नवख्याला तो नेमका कोणाचा खेळाडू होता हे कळले नसते.

दुसरा जेसी चावेझ. २००२ च्या ड्राफ्टमध्ये ४२ वी फेरी. २००८ मध्ये पिट्सबर्गकडून पहिला सामना, २०२५ च्या जुलैमध्ये ४१ व्या वर्षी निवृत्ती. मधल्या काळात त्याचा ११ वेळा सौदा झाला, इतका दुसऱ्या कोणत्याही खेळाडूचा झालेला नाही. २०२२ चा एकच हंगाम घ्या: शिकागो कब्सकडून अटलांटा, अटलांटाकडून एंजल्स, एंजल्सकडून वेव्हरवरून पुन्हा अटलांटा. २०२१ ची वर्ल्ड सीरिज त्याने अटलांटाबरोबर जिंकली होती. शेवटी शेवटी तर अटलांटा त्याला मोकळे करी, पुन्हा घेई, पुन्हा मोकळे करी, आणि तो ते मान्य करी. त्या वर्षांत वेग डोळे दिपवणारा नव्हता. कधी लांब टाकायचा, कधी एकच इनिंग, गरज पडली तर सुरुवातही करायचा, आणि कुरकुर नाही. तरुण पिचर असल्या माणसाला हसतात. तिशी ओलांडली की त्याच्याच शेजारी बसून विचारतात.

या दोघांच्या उदाहरणांवरून मुलाचे भविष्य रंगवू नका, कारण दारे बदलली आहेत. चावेझची ४२ वी आणि ड्रेकची ४३ वी फेरी आता अस्तित्वातच नाही. ड्राफ्ट २० फेऱ्यांचा झाला. २०२१ मध्ये मेजर लीगला जोडलेले मायनर संघ १६० वरून १२० वर आणले. २०२० पासून पिचरला किमान तीन फलंदाज खेळावे लागतात किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे एका डावऱ्या फलंदाजापुरता येऊन जाणारा डावरा पिचर हा प्रकारच संपला. डावरा पिचर जेसी ओरोस्को १,२५२ सामने खेळला, हा आजही विक्रम आहे, आणि त्यातली शेवटची वर्षे याच प्रकारावर गेली. तो रस्ता आता बंद आहे. आणि वेग: २००८ च्या सुमारास मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल ताशी ९२ मैलांच्या आत होता, आता ९४ च्या वर गेला आहे. तुमच्या मुलाचे ९३-९४ ऐकून नातेवाईक थक्क होत असतील. स्काऊटच्या वहीत ते ‘सरासरी, किंचित कमी’ असे पडते.

म्हणजे जमेचे काय असायला हवे? असा एक दुसरा चेंडू, जो फलंदाजाला माहीत असूनही लागत नाही. उजव्या आणि डाव्या दोन्ही फलंदाजांसमोर चालणारी काहीतरी सोय. आणि स्ट्राइक. वॉक देणाऱ्या (चार चेंडू भलतीकडे टाकून फलंदाजाला फुकट बेस देणाऱ्या) रिलीव्हरला प्रशिक्षक जास्त घाबरतो, होम रन देणाऱ्याला कमी. कॉलेजात शक्य तितके दिवस त्याला स्टार्टर राहू द्या, प्रशिक्षक म्हणोत काहीही. मेजर लीगमधले बहुतेक रिलीव्हर आधी स्टार्टर होते. चार प्रकारचे चेंडू टाकून पाहिलेला पिचर त्यातले दोन निवडू शकतो. जो पहिल्यापासून दोनच टाकतो त्याला निवडायला काही उरत नाही. संघही ड्राफ्टमध्ये स्टार्टरला जास्त पैसे देतात आणि मग हवा तेव्हा त्याला बुलपेनमध्ये हलवतात.

दारे बंद झाली तरी वाटा अजून आहेत. अमेरिकेतच अटलांटिक लीगसारख्या स्वतंत्र लीग आहेत, मेक्सिकन लीग आहे, हिवाळ्यात डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाच्या लीग. तिथे नवा चेंडू आजमावून, स्काऊटच्या डोळ्यांत भरून परत आलेले पिचर दर वर्षी दिसतात. जपानमध्ये परदेशी रिलीव्हरला चांगला भाव मिळतो. कोरियातल्या संघांना परदेशी पिचर हवा असतो तो बहुधा स्टार्टर म्हणून.

आपल्यापैकी कोणी गेले आहे का, हेही तुमच्या मनात असणारच. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ मध्ये पिट्सबर्गने करारबद्ध केले, भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या टीव्ही स्पर्धेतून. रिंकू डावरा रिलीव्हर म्हणून मायनरमध्ये काही वर्षे टिकला, मग दुखापतींनी अडवला. आईकडून भारतीय असलेला कुमार रॉकर २०२४ मध्ये टेक्सासकडून मेजर लीगमध्ये आला, पण तो स्टार्टर आणि पहिल्या फेरीतला. फिरता भारतीय रिलीव्हर अजून कोणी झालेला नाही. ही जागा रिकामी आहे म्हणून मुलाला तिकडे ढकलू नका, एवढीच विनंती.

राहता राहिली सहीची गोष्ट. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून मुलाकडे या घटकेला एक ताकद आहे: ‘नाही जमले तर मी कॉलेजात परत जातो’ असे तो म्हणू शकतो. चौथ्या वर्षानंतर ती राहत नाही आणि संघ त्याच पिचरला फार कमी बोनसवर घेतात. म्हणून उशिराच्या फेरीत बोलावणे आले तर बोनसच्या आकड्याबरोबर आणखी एक कलम मागा: शिक्षणाचे. मायनर लीगच्या पहिल्या करारात उरलेल्या सत्रांसाठी ठरावीक रक्कम लिहून घेता येते. ती बोनसव्यतिरिक्त असते आणि एजंट न मागता संघ ती क्वचितच वाढवून देतो. रक्कम लिहिताना तुमच्या मुलाच्याच विद्यापीठाची फी धरा, बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला लागते ती. आणि एक अट वाचून ठेवा: खेळ सुटल्यापासून ठरलेल्या मुदतीत शिक्षण पुन्हा सुरू केले नाही तर हा हक्क जातो. स्वतंत्र लीगमध्ये ‘अजून एक हंगाम बघू’ करत राहिलेली मुले नेमकी याच मुदतीत सापडतात, तेव्हा शेवटचा करार सुटल्याची तारीख तुम्ही स्वतः कुठेतरी लिहून ठेवा, त्याच्या भरवशावर सोडू नका.